सोडलेला मासा तिसऱ्या दिवशीही जिवंत असावा म्हणून

आमच्या तलावावर गळ टाकायला येणारे पाहुणे रविवारी संध्याकाळी नागपूरला परततात. मी कुठेच जात नाही. माझं घर पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, खालीच आहे, धानाच्या बांध्यांना लागून. सोमवारी पहाटे डोंगा पाण्यात ढकलतो तो मीच. त्यामुळे पाहुण्यांनी टाळ्या वाजवत सोडलेल्या माशाचं पुढे काय झालं हे त्यांना कळत नाही, मला कळतं.

काही वर्षांपूर्वीची मे महिन्यातली गोष्ट. एका पाहुण्याच्या गळाला कटला लागली. मादी, बारा किलोच्या आसपासची. दोरा बारीक होता, म्हणून त्यानं तिला पाऊण तास खेळवलं. काठावर ओढून उन्हानं तापलेल्या दगडावर ठेवलं. गळ काढायला पक्कड हवी, तर ती गाडीत राहिलेली. कोणीतरी पळत गेलं. तोवर मासोळी दगडावर तोंड उघडत-मिटत पडून होती. मग फोटो. आधी एकट्याचा, मग मित्रांसोबत, शेवटी कल्ल्यात बोटं घालून तिला उभी लटकवून. मग पाण्यात सोडली. शेपटी मारत खोल गेली. सगळ्यांना वाटलं, वाचली. मलाही तसंच वाटलं.

बुधवारी सकाळी कोपऱ्यातल्या बेशरमाच्या झुडपात तिचं पांढरं पोट दिसलं. कुशीवरचे पंजाएवढ्या जागेतले खवले गेलेले, एका बाजूचे कल्ले फाटलेले. पोट चिरून पाहिलं, तर अंड्यांच्या दोन्ही पिशव्या भरत आलेल्या. पाळीच्या कडेला खड्डा करून तिला पुरली आणि त्याच आठवड्यात ठरवलं की आमच्या तलावावर गळ टाकायचा तर माझ्या पद्धतीनं, नाहीतर नाही. ती पद्धत इथे लिहितो आहे.

आम्ही ढिवर. मासे मारूनच आमची घरं चालतात, आणि जाळ्यात आलेला दोन-तीन किलोचा रोहू मी आजही बाजारात नेतो. सोडायचे ते मोठे, आठ-दहा किलोंच्या वरचे. कारण साधं आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी टाकत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. जुलैत दमदार पाऊस झाला आणि नाला धो-धो तलावात उतरला की मोठ्या माद्या त्याच्या तोंडाशी जमतात, चढणीला लागतात, म्हणजे धारेविरुद्ध वर जातात. रोहूच्या मादीत वजनाच्या दर किलोमागे साधारण दोन ते तीन लाख अंडी असतात. म्हणजे दहा किलोची एक मादी तलावाला काय देते, हिशेब तुम्हीच करा. बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिलं, आता विकत मिळते हे खरं आहे. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरींनी ओडिशातल्या अंगुलला माशाच्या मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी टाकून घेतली, तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांचा रस्ता मोकळा झाला. पण त्या बोटुकलीचे पैसे आमच्या मच्छीमार संस्थेला दरवर्षी मोजावे लागतात. नाल्याच्या तोंडाशी फिरणारी आई फुकट आहे, फक्त तिला जगू द्यावं लागतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. मालगुजारांच्या काळातला जुना मालगुजारी तलाव असो की धरण, तिथल्या मासेमारीचा हक्क बहुधा कुठल्या ना कुठल्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं असतो. विचारल्याशिवाय गळ टाकू नका. आणि नवेगाव-नागझिरा, पेंच, मेळघाट अशा व्याघ्र प्रकल्पांच्या पाण्यात तर सोडण्याच्या बोलीवरही टाकू नका.

मासा जगणार की मरणार हे निम्मं गळ टाकण्याआधीच ठरतं. पाणी जेवढं गरम, तेवढा त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशांच्या पाण्यात 7.5. आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तलाव आटून अर्ध्यावर येतो, उरलेलं पाणी दुपारी हाताला कोमट लागतं. अशा पाण्यात दमलेला मासा सावरत नाही. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत मी कोणालाही गळ टाकू देत नाही. पैसे दुप्पट देतो म्हणणारे येतात, त्यांना चहा पाजून परत पाठवतो. पावसाच्या सुरुवातीला माद्या चढणीला लागतात, तेव्हाही नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस.

पहाटेबद्दल मात्र लोकांचा गैरसमज आहे. गार वेळ म्हणजे चांगली वेळ, असं धरून चालतात. ज्या तलावात शेवाळ आणि पाणवनस्पती भरपूर, पाणी हिरवंगार, तिथे रात्रभर ती झाडंही प्राणवायू ओढत असतात आणि सगळ्यात कमी प्राणवायू पहाटेच असतो. मासे वर येऊन तोंडं काढून हवा ओढताना दिसले तर गळ बांधून ठेवा. ऊन चढून दोन तास होऊ द्या, मग सुरू करा.

आता सामान. दोरा जाड घ्या. बारीक दोऱ्यावर मोठा मासा काढण्यात मर्दुमकी आहे असं काहींना वाटतं, पण ती मर्दुमकी मासोळीच्या जिवावर असते. ओढाताणीत तिच्या अंगात लॅक्टिक आम्ल साचतं, रक्त बिघडतं, आणि पोहत गेलेली मासोळी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी मरते. आपल्याला वाटतं सुटली, ती आतून गेलेली असते. रॉड दणकट हवा, रीलचा ब्रेक व्यवस्थित लावलेला हवा, आणि दहा किलोचा मासा दहा-बारा मिनिटांत काठाशी यायला हवा.

गळ एकच तोंडाचा. तीनतोंडी गळ मी डोंग्यातही ठेवू देत नाही. टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करा. मासा सुटेल अशी भीती असते, पण दोरा ताणलेला ठेवला तर सुटत नाही, आणि काढताना गळ जसा गेला तसा अलगद मागे येतो. टोक आत वळलेला गोल गळ मिळाला तर आणखी चांगलं. त्याला हिसका द्यायचा नाही, नुसता दोरा घट्ट करायचा, तो ओठाच्या कोपऱ्यात बसतो. स्टेनलेस स्टीलचा गळ नको, साध्या पोलादाचा घ्या. आत राहिलाच तर गंजून जातो. सरकीच्या ढेपेचा गोळा लावून रॉड काठावर टेकवून गप्पा मारत बसलात, तर मासा गळ पोटापर्यंत गिळतो. रॉड हातात ठेवा.

पक्कड कमरेला, लांब चिमटा खिशात, दोरा कापायची कात्री गळ्यात. गाडीत काहीही नको. त्या मे महिन्यातल्या कटलेनं हे मला शिकवलं.

जाळी कोणती, हेही महत्त्वाचं. गाठींच्या नायलॉन जाळीत मोठा मासा तडफडला की पर फाटतात, खवले निघतात. रबराची किंवा गाठी नसलेली मऊ जाळी, खोल आणि रुंद तोंडाची, दांड्याला लावलेली घ्या. मासा जाळीत आला की जाळी पाण्यातच राहू द्या. तिथेच त्याला मिनिटभर श्वास घेऊ द्या. घाई आपल्याला असते, त्याला नाही.

गळ काढणं हेही शक्यतो पाण्यात. मी कमरेइतक्या पाण्यात उतरतो. हात आधी ओले, कोपरापर्यंत. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कातडं समजा. रोगजंतू आणि बुरशी त्या थरावरच अडतात. कोरड्या हातानं, टॉवेलनं, कापडी हातमोज्यानं धरलं की तो थर पुसला जातो. डिसेंबर-जानेवारीत मला असे मासे दिसले आहेत, ज्यांच्या कुशीवर कापसासारखी पांढरी बुरशी आलेली, आणि त्या बुरशीला माणसाच्या बोटांचा आकार. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला.

काठावर घ्यावंच लागलं तर सावलीत, ओल्या ताडपत्रीवर, खाली गवताची जाड गादी करून. ताडपत्रीवर दोन बादल्या पाणी ओता, मासा ठेवला की त्याच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाका, तो बराच शांत होतो. खताची पोती वापरू नका. युरियाचं पोतं कितीही धुतलं तरी मला भरवसा नाही. पत्र्याच्या नावेचा तळ उन्हात तव्यासारखा तापतो, तिथेही नको.

गळ ओठात असेल तर चिमट्यानं मागे ढकलून काढा. घशाच्या खाली गेलेला दिसला तर हात लावू नका. दोरा जितक्या आत जमेल तितक्या आत कापा आणि सोडून द्या. दहा रुपयांच्या गळासाठी आतडं उपसणारे पाहिले आहेत मी, त्यातला एकही मासा वाचलेला पाहिला नाही.

फोटो काढा, मी अडवत नाही. पण आधी फोन कोणाच्या हातात, कुठून काढायचा, हे ठरवा, आणि मग मासा उचला. उचलताना एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा छातीच्या परांच्या मागे पोटाखाली. आडवा धरा, पाण्यापासून वीतभरच वर. कल्ल्यात बोट घालायचं नाही, जबड्याला धरून उभा लटकवायचा नाही. पाण्यात त्याचं वजन पाणी पेलतं. बाहेर तेच वजन त्याच्या कण्यावर आणि आतड्यांवर येतं, आणि कटलेचं तर डोकंच भलंमोठं असतं. मासा उचलला की तुम्हीही श्वास धरा. तुम्हाला सोडावासा वाटला की त्याला पाण्यात घाला. मी मोठ्यानं दहा आकडे मोजतो, दहाला मासा पाण्यात. फोटो हलला असेल तर हलला.

वजनासाठी काटा जबड्यात अडकवू नका. ओल्या कापडाच्या झोळीत घालून तोला, नाहीतर तोलूच नका, फीत लावा. पाण्यातच तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी आणि सगळ्यात जाड ठिकाणचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या. लांबी गुणिले घेर गुणिले घेर, भागिले 29,000, की किलोचा अंदाज येतो. 80 सेंटीमीटर लांब आणि 60 सेंटीमीटर घेराचा मासा दहा किलोच्या जवळपास भरतो.

आता सोडायचं. इथेच बहुतेक लोक चुकतात, आणि चांगल्या मनानं चुकतात. मासा पाण्यात धरून पुढे-मागे, पुढे-मागे हलवतात. पाणी तोंडातून आत जाऊन कल्ल्यांतून बाहेर पडलं तरच त्याला श्वास मिळतो. मागे ओढलं की पाणी उलटं शिरतं, कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या चुरगळतात. वाहतं पाणी असेल तर त्याचं तोंड धारेकडे करून नुसतं सरळ धरून उभे राहा. तलावासारखं थांबलेलं पाणी असेल तर त्याला धरून हळूहळू पुढेच चालत राहा, वळण घेत. चिखल ढवळलेल्या उथळ पाण्यात नाही, स्वच्छ पाण्यात. किती वेळ, ते घड्याळ सांगत नाही. पाच मिनिटं लागतील, कधी पंचवीस. एका जानेवारीत मी रोहूला धरून अर्धा तास पाण्यात होतो, पायांना गोळे आले, पण ती गेली ती धडक मारून गेली.

केव्हा सोडायचं हे माझ्या बापानं मला दुसऱ्याच कारणानं शिकवलं होतं. बाजारात ताजी मासोळी ओळखायची म्हणून तो म्हणायचा, "डोरा पाय तिचा. डोरा फिरला का मासोरी गेली." आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, डोळ्याचा डोरा होतो आणि 'पाहा'चं 'पाय'. तेच मी पाण्यात करून पाहतो. मासोळीला हातातच थोडी एका कुशीवर कलवा आणि डोळ्याकडे बघा. जिच्यात जीव आहे तिचं अंग कलतं पण डोळा कलत नाही, बुबुळ पाण्याच्या पातळीशी समांतर राहायला बघतं, जणू गाडीवानाची नजर रस्त्यावरच. दमलेल्या मासोळीचा डोळा अंगाबरोबर फिरतो, खोबणीत चिकटवल्यासारखा. असा डोळा दिसला तर सोडू नका, धरून ठेवा. थोड्या वेळानं परत कलवून बघा. बुबुळ जरासं हललेलं दिसेल, मग अर्धवट फिरेल, मग एकदम जागेवर येईल. तो क्षण पाहिला की माझ्या छातीवरचं ओझं उतरतं.

डोळ्यानंतर शेपटी. मुळाशी हलकेच दाबा. तिनं झटका दिला तर ठीक. मग पोटाखालचा हात काढून घ्या, नुसती शेपटी धरा, आणि ती सरळ उभी राहते का बघा. एका बाजूला झुकली तर परत हात खाली. सरळ राहिली तर मूठ सैल करा, पण ढकलू नका, फेकू तर अजिबात नका. तिनं तुमच्या मुठीतून स्वतःच्या जोरानं निघून जायला पाहिजे.

मरळीला यातलं बरंचसं लागू नाही, तिच्यासाठी वेगळं सांगतो. मरळ हवेतून श्वास घेते. तिला वर येऊन हवा घ्यावीच लागते, म्हणून तिला पाण्याखाली दाबून धरून "सावरायला" गेलात तर ती गुदमरेल. गळ काढा, ओल्या हातानं उथळ पाण्यात ठेवा, तोंड वर येऊ द्या, ती स्वतः जाते. आणि पाण्यावर नारिंगी-लाल पिलांचा घोळका खदखदताना दिसला तर तिथे गळच टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात, ते कशावरही झडप घालतात, म्हणून सहज लागतात. त्यांना दहा मिनिटं बाहेर ठेवलंत तर तेवढ्यात इतर मासे पिलं फस्त करतात. चुकून लागलीच तर त्याच जागी, त्याच क्षणी सोडा.

शिंगाळ्याच्या पाठीवर आणि छातीच्या परांना दातेरी काटे असतात. ते जाळीत अडकले तर ओढू नका, जाळी कापा. जाळी पुन्हा विणता येते. हात काट्यांच्या मागून घाला.

आणि काही मासे सोडायचेच नाहीत. थाई मांगूर, म्हणजे आफ्रिकन मागूर, पाळायला आपल्या देशात बंदी आहे. तो आमच्या बोटुकल्या गिळतो. चिलापी अशी वाढते की दुसऱ्याला जागा उरत नाही. हे गळाला लागले तर परत पाण्यात जाऊ देऊ नका, झटकन मारा. चिलापी घरी नेऊन खा.

शेवटचं काम सोडल्यानंतरचं. मी एक वही ठेवली आहे, डोंग्यात, प्लास्टिकच्या पिशवीत. तारीख, वेळ, कुठला मासा, लांबी, घेर, किती मिनिटं खेळवला, गळ कुठे लागला होता, पाण्याबाहेर किती सेकंद होता, हातातून कसा गेला. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काठानं पूर्ण फेरी. मेलेला मासा गरम पाण्यात दिवसा-दोन दिवसांत फुगून वर येतो आणि वारा ज्या दिशेला वाहत असेल त्या कोपऱ्यात लागतो, म्हणून बेशरमाची झुडपं आणि सांड्याची, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर पडतं ती, बाजू नीट बघायची. सापडला तर फीत लावून वहीतल्या नोंदीशी ताडून पाहतो आणि त्या पाहुण्याला फोन करतो. काय चुकलं ते सांगतो, रागावून नाही. फेरी रिकामी गेली तरी फोन करतो. पलीकडून पहिला प्रश्न एकच येतो, "दादा, दिसली नाही ना?" मी म्हणतो, "नाही दिसली भाऊ."